फलाट क्रमांक एकवरचा रॉक

सहा वर्षांत आमच्या बँडची गाणी झाली सात आणि किश्शांची तर मोजदादच नाही. चार लोक जमले की "एखादं गाणं म्हण" असं मला कुणीही म्हणत नाही. "तो जॅकेटचा किस्सा सांग ना!" असंच म्हणतात. फ्रंटमन मी, त्यामुळे सांगायचं काम माझं आणि बहुतेक किश्शांत तोंडावर पडणाराही मीच!

आधी माणसं सांगतो. मी सुहास, मूळचा सांगली जिल्ह्यातला, चेन्नईत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. गिटारवर सेल्वा, पक्का चेन्नईकर. ड्रम्सवर प्रसन्ना राव, तंजावरकडचा मराठी. घरी जुन्या वळणाची मराठी, बाहेर तमिळ आणि भांडताना इंग्रजी. बेस गिटारवाला दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे त्याचं नाव देण्यात अर्थ नाही.

*

प्रॅक्टिसला जागा मिळाली गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, सेल्वाच्या मामाच्या वर्कशॉपमध्ये. शनिवारी दुपारी त्याची मशीन्स बंद झाली की आमची सुरू. डाव्या बाजूला पत्रा कापायची प्रेस धडाधडा चालायची, उजवीकडे ग्राइंडिंग, मागे हातोडे. म्हटलं, रॉकला याहून चांगला शेजार कुठे मिळणार?

तिसऱ्याच शनिवारी इस्टेटच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले. "सार, कंप्लेंट आली आहे. आवाजाची."

"इथे? आवाजाची?" मी प्रेसकडे बोट दाखवून ओरडलो. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं!

"हो सार, इस्टेटमध्ये पहिल्यांदाच आली. मशीनची सगळ्यांना सवय आहे. ड्रम, गिटारबद्दल पण कुणी काही म्हणत नाही," असं म्हणून त्यांनी अदबीनं स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

*

आता जॅकेट. चेन्नईजवळ आवडी नावाच्या उपनगरात, सरकारी क्वार्टर्समधल्या गणेशोत्सवात आम्हाला बोलावलं होतं. माझा पहिला मोठा शो, म्हणून मी काळं लेदर जॅकेट घेतलं. चेन्नईत लेदर जॅकेट! दुकानदारानंसुद्धा दोनदा विचारलं, "उटीला चाललात का?"

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात घामाची धार डोळ्यांत गेली, तिसऱ्यात स्टेज हळूहळू फिरायला लागलं आणि एका लांबलचक स्वरावर मी सरळ आडवा झालो. पुढे काय झालं ते मला प्रसन्नानं सांगितलं. लोकांना वाटलं, हा आयटमच आहे. टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर!" बँडच्या आयुष्यातल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि मी बेशुद्ध!

पुढच्या शोची यादी ठरवताना सेल्वा अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाकी काहीही बदल, पण ते पडायचं तेवढं ठेव."

*

मग एकदा माझा घसाच बसला. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही. नेमका त्याच आठवड्यात एका कॉलेजात शो होता. तिघांनी माझ्याशिवाय नुसती वाद्यं वाजवली. कार्यक्रम इतका रंगला की प्राचार्य स्वतः मागे येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेले. मी कोपऱ्यात गळ्याला मफलर बांधून बसलो होतो. माझा हात त्यांनी जरा जास्तच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "तब्येतीची काळजी घ्या. घाई करू नका."

*

त्याच कॉलेजच्या मासिकासाठी पुढे एका मुलीनं माझी मुलाखत घेतली. "तुमच्या गाण्यावर कुणाचा प्रभाव आहे?" तिनं विचारलं आणि मी सुटलो. अमेरिकेतला ब्लूज, इंग्लंडचा हेवी मेटल, पाऊण तास! तिचा फोन रेकॉर्डिंग करून करून गरम झाला.

"घरी कुणी या क्षेत्रात?"

"वडील ब्रॉडकास्टिंगमध्ये होते," मी म्हणालो.

खोटं नव्हतं हो ते. आबा आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर अनाउन्सर होते! "कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." प्रत्येक गोष्ट दोनदा. शाळा सुटली की मी त्यांच्या खिडकीखाली दप्तर टाकून बसायचो. साऱ्या स्टँडभर आबांचा आवाज आणि घरी मात्र हा माणूस अक्षर बोलायचा नाही. बोललाच तर एकदा. "जेव." पुन्हा म्हणून नाही. ते रिटायर झाले, त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज आला, आणि तेव्हापासून तर तेही एकदाचं बंद झालं. आई फोनवर म्हणायची, "घरात माणूस आहे की नाही, चहा संपल्यावर कळतं."

मी ब्रॉडकास्टिंग म्हणालो, कारण मला लाज वाटली. आणि आबांना मी बँडबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं, त्याचं कारण लाज नव्हे, भीती होती. त्या माणसानं एकदा ऐकून नुसतं गप्प बसायचं ठरवलं असतं, तर मी पुन्हा तोंड उघडलं नसतं. म्हणून घरी सांगायचो, रविवारी ओव्हरटाइम असतो.

*

पण माझ्या गाण्यातली चोरी सगळ्यात आधी पकडली प्रसन्नाच्या अप्पांनी, म्हणजे वडलांनी. त्यांना आम्ही राव मामा म्हणतो. घरी भजनाची परंपरा, कान एकदम तयार. एकदा त्यांनी आमची अख्खी प्रॅक्टिस डोळे मिटून ऐकली. मी वाट बघत उभा.

"सगळं दोन दोन वेळां कां सांग्तोस की रे?" मामा म्हणाले. "एक वेळां सांगितलं तरी कळतं की."

"मामा, ती स्टाइल आहे."

"बरं की. सांग्तोस तर चांगलं. गातोस कधीं?"

प्रसन्ना इतका हसला की त्याच्या हातातली काठी खाली पडली. मी त्या रात्री सातही गाणी तपासली. एकूण एक ओळ दोनदा होती!

*

आणि गेल्या डिसेंबरात आबा चेन्नईला आले. आईनंच पाठवलं, "जरा माणसांत जाऊन या" म्हणून. रविवारी आमचा शो होता, एका मैदानावर, संध्याकाळी पाचला. मी आबांना राव मामांकडे नेऊन बसवलं, "ओव्हरटाइम आहे" म्हणालो आणि सटकलो. आता सांगा, आपल्या ड्रमरच्या बापाच्या घरी वडलांना लपवून ठेवणारा दुसरा शहाणा कुणी पाहिलाय?

दुसरं गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या रांगेत मला आबांची पांढरी टोपी दिसली. शेजारी राव मामा, हात हलवत! नंतर कळलं, ते आबांना म्हणाले होते, "मुलग्याचं गाणं ऐकायचं नाही की?" आणि आबा चपला घालून उभे राहिले होते.

स्टेज पुन्हा फिरायला लागलं. या खेपेला जॅकेट नव्हतं, तरीही. शब्द विसरलो, सूर गेला आणि तेवढ्यात लाइटही गेली! गिटार बंद, माइक बंद. जनरेटर सुरू होईना. दहा मिनिटं लोकांनी कळ काढली, मग उठायला लागले. खुर्च्या सरकल्या, मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागल्या. मी बिनमाइकचा ओरडतोय, "प्लीज! टू मिनिट्स!" आणि कुणी वळूनही बघत नाही.

गेटवर सिक्युरिटीवाल्याकडे बॅटरीचा भोंगा होता. आबा शांतपणे तिथे गेले, हात पुढे केला, भोंगा घेतला. एक बटण दाबून पाहिलं. घसा साफ केला. आणि सगळ्या मैदानावर तो आवाज आला:

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. बँड रद्द झालेला नाही. बँड रद्द झालेला नाही. काही वेळातच फलाट क्रमांक एकवरून सुटेल. कृपया आपापल्या जागी बसून घ्यावे."

शुद्ध मराठीत! समोर सगळी तमिळ जनता. आणि माणसं थांबली, वळली आणि एकेक करून येऊन बसली. पॉपकॉर्नवालासुद्धा बसला!

जनरेटर सुरू झाला. मी गायलो. कसा गायलो ते मला आठवत नाही, पण पडलो नाही.

परतताना लोकल ट्रेनमध्ये आबा खिडकीशी, मी समोर. सेल्वा, प्रसन्ना, मामा सगळे आपापल्या स्टेशनांवर उतरले. पाच स्टेशनं गेली. आबा बाहेर बघत होते.

सहाव्या स्टेशनला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "बरं गातोस."

मी मान खाली घातली. हॉर्न वाजला, गाडी हलली. आबांनी घसा साफ केला.

"बरं गातोस."