पावणेचार तासांचा रस्ता

आमच्या छोट्याशा विमानतळावर चौकशीच्या खिडकीत मी बसते. लोक सगळ्यात जास्त विचारतात ते एकच: पलीकडच्या विमानतळावर जायला किती वेळ लागतो? विमानानं पस्तीस मिनिटं, पण ते विमान आठवड्यातून दोनदाच. मग लोक बाहेर टॅक्सीवाल्यांकडे जातात आणि तिथे सगळे बिनदिक्कत ठोकून देतात, "अडीच तासांत सोडतो, बसा!"

एकच जण सांगायचा, "पावणेचार." एकशे नव्वद किलोमीटर, मध्ये घाट, पावणेचार. गिऱ्हाईक म्हणे, तो तर अडीच म्हणतोय. हा म्हणे, "मग त्याच्याच गाडीत बसा." आता काय बोलायचं अशा माणसापुढे! आम्ही त्याचं नावच पावणेचार पाडलं. विमान गाठता येणार नसेल तर तो भाडंच घ्यायचा नाही. "उगाच कुणाला आशेवर कशाला न्यायचं, बाई?" असं मलाच ऐकवायचा. भारी खडूस.

बायको गेल्यावर घरात तो आणि मुलगी, दोघंच. मुलगी नर्स होऊन परदेशी गेली, त्याला तीन वर्षं झाली. आता तिला आणखी लांबची नोकरी लागली होती, आणि जाता जाता तिचं विमान आमच्याकडे दोन तास थांबणार होतं. दोनच तास! तरी गडी सकाळी सातलाच दाढीबिढी करून, नवा शर्ट घालून हजर.

आणि नेमकं त्याच दिवशी धुकं. विमान इथे उतरलंच नाही, पलीकडे नेलं. दहाला मुलीचा फोन माझ्या खिडकीवर आला, कारण ह्याचा मोबाइल नेहमीसारखा बंद. "मावशी, बाबांना सांगा, विमान आता इथूनच सुटणार. पावणेदोनला." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

तो समोरच उभा होता. विमान पलीकडूनच सुटणार, एवढं मी त्याला सांगितलं. दहा आणि पावणेचार तास म्हणजे पावणेदोन. हा हिशोब करणार, मान हलवणार आणि गाडी पुसायला जाणार, हे मला लख्ख दिसलं. माझं डोकंच फिरलं.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"सव्वादोन," मी म्हटलं.

"सव्वा की पावणे? नीट ऐकलंत ना?"

"अहो, कान शाबूत आहेत माझे! निघा!"

तो गेला, आणि मग मला कळलं मी काय करून बसले ते. आयुष्यात कुणाला खोट्या आशेवर न नेणारा माणूस, त्यालाच मी नेलं होतं.

संध्याकाळी साडेपाचला तो आला, थेट खिडकीशी. शर्ट धुळीनं माखलेला.

"पावणेदोन होतं ना, बाई?"

मी मान खाली घातली. "हो. चुकलं माझं."

"धावपट्टीच्या कुंपणापाशी पोचलो तर विमानाला लावलेला जिना काढत होते. फाटक अजून दहा मिनिटं लांब. म्हटलं, आता कुठला जातोय आत! मग गाडीच्या टपावर चढलो आणि हात हलवत राहिलो. बघणारे हसले असतील. खरं सांगितलं असतंत तर गेलोच नसतो मी."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगीच होती, पुढच्या थांब्यावर पोचली होती. मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्याला ऐकू कमी येतं म्हणून ती ओरडूनच बोलत होती, मलाही सगळं ऐकू आलं.

"बाबा, दिसलात! शेजारच्या बाईंना मी सांगितलं, ते टपावर उभे आहेत ना, ते माझे बाबा!"