डेमो समजून पुसलेलं नाव

गेल्या रविवारी दुपारी अड्यारच्या खोलीत पंख्याखाली बसून मी यादीचं काम उरकत होते. यादी म्हणजे, पोस्टग्रेस नावाच्या मोफत डेटाबेसवर चालणारी जेवढी म्हणून ओपन सोर्स सॉफ्टवेअर सापडतील तेवढी एका वेबपेजवर गोळा करायची... एखाद्या लहान शाळेला, दवाखान्याला हवं ते आयतं मिळावं म्हणून. आमचा इथला सात-आठ जणांचा ग्रुप आहे, नोकऱ्या सांभाळून करतो हे.

यात नियम माझा. नुसतं ऐकून कुठलंही नाव यादीत चढवायचं नाही. स्वतः लॉगिन करायचं, एक नोंद घालायची, एक बदलायची, एक पुसायची... तिन्ही जमलं तरच यादीत. ग्रुपमधले मला यावरून हेडमास्तरीण म्हणतात, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

त्या दिवशी कार्तिकचं सॉफ्टवेअर तपासायचं होतं. कार्तिक आमच्या ग्रुपमधलाच, शोळिंगनल्लूरला माझ्याच ऑफिसात दुसऱ्या टीमला आहे. मैलापूरला एक धर्मादाय डायलिसिस सेंटर आहे, मशीन दोनच आणि वेटिंग लिस्ट ही एवढी. तिथल्या पेशंटचे वार आणि वेळा लावायला त्यानं ते फुकट लिहून दिलंय.

त्यानं मेलवर लिंक आणि पासवर्ड पाठवला. मी धरून चालले की हा डेमो असणार, खोटी नावं भरलेला... विचारलं नाही. तो धरून चालला की मी नुसतं बघेन.

आत गेले तर सगळ्यात वर, तुळजाराम राव, वय ७१, मंगळवार. खाली पुन्हा तुळजाराम राव, गुरुवार. पुन्हा तेच, शनिवार. पानभर तोच प्रकार, प्रत्येक नाव तीन-तीनदा.

मला हसूच आलं. आम्ही प्रोग्रामर लोक डमी डेटा भरायचा भयंकर कंटाळा करतो, दोन-चार नावं घेऊन कॉपी-पेस्ट करत सुटतो. म्हटलं, हाही आमच्याच पंथातला...

पुसून बघायची वेळ आली तेव्हा वरचं नाव उचललं. राव गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे तिन्ही वार गेले. 'चालतंय' असा शेरा मारला आणि चहा टाकायला उठले.

डायलिसिसच्या माणसाला आठवड्यातून तीनदा यावंच लागतं, म्हणून त्याचं नाव तीनदा असतं. एवढी साधी गोष्ट मला बुधवारी कळली.

बुधवारी दुपारी कार्तिक माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला, चेहरा पार उतरलेला. त्यानं सांगितलं ते असं. मंगळवारी राव नेहमीप्रमाणे सेंटरला गेले होते. काउंटरवरची बाई नवीन... तिनं स्क्रीनवर शोधलं, नाव नाही. त्यांची वेळ रिकामी दिसली म्हणून वेटिंगवरच्या एकीला देऊनही झाली होती. राव आले तसे बस पकडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नर्सनं विचारलं की राव का आले नाहीत, तेव्हा शोधाशोध झाली आणि कोण कधी आत शिरलं त्या लॉगमध्ये माझं लॉगिन सापडलं. कार्तिकनं बॅकअपच्या सीडीवरून त्यांचं नाव परत आणलं होतं. पण बुधवारी दोन्ही मशीन भरलेली, म्हणून सेंटरनं रावांच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला, गुरुवारी सकाळी पहिल्यांदा तुम्हालाच घेतो.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. उलट चुकीची लिंक मीच दिली म्हणाला. सेंटरमध्ये कॉम्प्युटरची चूक असं सांगितलंय, तू यायची गरज नाही... त्याच्या या चांगुलपणानं तर मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी ऑफिसला दांडी मारली आणि सेंटरला गेले. राव मशीनला लावलेले होते. पाय इतके सुजलेले की चप्पल जेमतेम बोटांत अडकवून आले होते, आणि धाप अजून होतीच. त्यांच्याकडे बघून मला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं.

मी मोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली. माझं नाव ऐकलं आणि ते चक्क मराठीत बोलायला लागले... तंजावरचं घराणं, जुन्या वळणाची मराठी, हेल मात्र तमिळ. "उभं कां? बसा हो," म्हणाले. शेवटी कसंबसं सांगितलं, की तुमचं नाव कॉम्प्युटरनं नाही, मी पुसलं. खोटं नाव आहे असं समजून.

आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं, आणि माझी तयारी होती.

"म्हणजे या लोकांनी मला काढलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी नाव नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं होतं, आपलं वय झालं, मशीन दोनच, आपली जागा कुणा तरुण माणसाला दिली असेल. त्यात सेंटरवाल्यांचं काय चुकलं, म्हणून विचारलंही नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं की तब्येत सुधारलीय, आता इतक्यांदा जावं लागणार नाही... बुधवारचा फोन आला तेव्हाही त्यांना वाटलं, दया येऊन बोलावतायत. दोन दिवस हा माणूस आपलं सगळं संपलं असं धरून, बायकोसमोर हसत घरात बसला होता.

मी म्हटलं, नाही हो, कुणीच काढलं नव्हतं. जागा तुमचीच आहे.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग सुई नसलेल्या हातानं माझा हात थोपटला आणि हळूच थँक्स म्हणाले... मला.

आज शनिवार. राव आपल्या वेळेला आले होते, धापही कमी आहे, असं कार्तिकनं कळवलं. जिवात जीव आला.

पण त्या दिवशी मी माफी मागायला गेले होते. त्यांनी थँक्स म्हटल्यावर ती कशी मागतात ते मला सुचेना... तशीच उठून आले.