माझी टू-टू आणि घरातले तज्ज्ञ

कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला मी पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर आयुष्यात नेम धरला तो फक्त झुरळांवर, तोही चपलेने. त्यामुळे मी काम करते त्या लॅबमधल्या मैत्रिणीने तिच्या रायफल क्लबच्या ओपन डेला नेलं, तेव्हा मी फुकटचं सॉसेज खायच्या तयारीनेच गेले होते. पण चटईवर पालथं पडून, श्वास रोखून समोरच्या कागदाला भोक पाडलं आणि डोक्यातला आठवडाभराचा कलकलाट एकदम थांबला. घरी येऊन मी जाहीर केलं, की मी शूटिंग शिकणार.

"टार्निटमधल्या बायका योगा करतात," नवऱ्याने आमच्या उपनगराचा दाखला दिला.

मी कोर्स केला, परीक्षा दिली, क्लबची मेंबर झाले. लायसन्स हातात येईपर्यंत नवऱ्यालाही विषयात गती आली होती, म्हणजे तो व्हिडिओ बघायला लागला होता. सोबतीला त्याचा मित्र. हा दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवार कॉम्प्युटरवर युद्धं जिंकतो, त्यामुळे अनुभव दांडगा. दोघांनी आमच्या डायनिंग टेबलवर बसून, मीच केलेला चहा पीत, माझ्यासाठी रायफल निवडली. काळीकुळकुळीत, पुढे दोन पाय, वर एवढी मोठी दुर्बीण की मंगळावरचा ससा टिपता यावा. मला टिपायचा होता पन्नास मीटरवरचा कागद.

"जरा महाग नाही का?" मी विचारलं.

"वहिनी, असली वस्तू एकदाच घ्यायची असते," मित्र म्हणाला. त्याने स्वतः एकदाही घेतलेली नव्हती.

शनिवारी तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने नवऱ्याकडे बघून विचारलं, "काय बघतोयस, मेट?" नवऱ्याने व्हिडिओतलं सगळं ज्ञान सांडलं. दुकानदार माना डोलावत राहिला आणि शेवटी म्हणाला, "छान. लायसन्स?" नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदाराला मी पहिल्यांदाच दिसले असावे.

त्याने ती काळी रायफल रिकामी असल्याची खात्री करून माझ्या हातात दिली. दस्ता इतका लांब, की तो खांद्याला टेकवला तर दुर्बिणीपर्यंत डोळा पोचेना. वजनाने नळी हळूहळू खाली झुकत जमिनीकडे बघायला लागली.

"जिम लाव, होईल सवय," नवरा म्हणाला.

मी रायफल परत दिली, थँक्यू म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून मित्र मला निर्णयक्षमतेबद्दल सांगत होता.

पुढच्या रविवारी मी क्लबमधल्या आजींना गाठलं. निवृत्त शाळामास्तरीण, पांढरे केस, आवाज अजून वर्गातला. त्या म्हणाल्या, "आधी क्लबच्या रायफली वापर. मग तुझं तुलाच कळेल." मी महिना-दीड महिना तेच केलं, आणि कळलं ते अगदीच साधं निघालं: दस्ता आखूड हवा, वजन हलकं हवं, गोळी आत सरकवणारा बोल्ट बोटांनी सहज मागेपुढे व्हावा. काळा रंग कुठेच कामाला येत नव्हता.

क्लबमधला एक मेंबर क्वीन्सलँडला राहायला चालला होता. त्याची जुनी पॉइंट टू-टू, म्हणजे अगदी बारीक गोळीची रायफल, त्याने त्याच दुकानात विकायला ठेवली होती. लाकडी दस्त्यावर ओरखडे, वर छोटीशी साधी दुर्बीण. खांद्याला लावली आणि डोळा आपोआप जागेवर आला. परवानगीचे सोपस्कार झाल्यावर मी ती घेतली. उरलेल्या पैशांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आणल्या, कारण प्रत्येक रायफलीला निराळी गोळी मानवते. माझीला सगळ्यात स्वस्त मानवली. असं माझ्या घरात दुसरं कुणीच नाही.

गॅरेजच्या भिंतीला लोखंडी तिजोरी ठोकली. "किल्ली कुठे ठेवतेस?" घरात आल्यावर नवऱ्याने सहज विचारलं.

"लायसन्स नसलेल्या माणसाला सांगता येत नाही."

आमची लेक सोफ्यावरून म्हणाली, "फेअर इनफ, डॅड."

मग एका रविवारी नवरा पाहुणा म्हणून क्लबवर आला. आजींनी त्याला शेजारी बसून सगळे नियम सांगितले. माझी रायफल घेऊन तो पालथा पडला, फार गंभीर चेहऱ्याने पाच गोळ्या झाडल्या. आम्ही कागद बघितला. कोरा. शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांच्या कागदावर मात्र पाच भोकं जास्तीची होती, अगदी एकमेकांना चिकटून.

"ग्रुपिंग सुंदर आहे," आजी म्हणाल्या.

गाडीत त्याने न सांगता माझ्या आवडीची गाणी लावली. इतका सुखाचा प्रवास बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. घराजवळच्या राउंडअबाउटला त्याने विचारलं, "तो कोर्स परत कधी असतो गं?"

त्याच्या आवाजात व्हिडिओचा मागमूस नव्हता. मला एकदम तो आवडला. "विचारते," मी म्हटलं, आणि खरंच विचारलं.