कुंकवात अडकलेलं बटण

आमच्या शेतातल्या विहिरीवर मोटारीचा स्टार्टर होता. लोखंडी पेटी, तिच्यावर एक हिरवं बटण आणि एक लाल. खंडेनवमीला वडील विळे, खुरपी, कुऱ्हाड यांना कुंकू लावत आणि शेवटी त्या हिरव्या बटणावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवत. यंत्र जिथून सुरू होतं तिथं पूजा करायची, असं त्यांचं म्हणणं. त्या बटणाला कधी काही झालं नाही. ते अंगठ्याहून मोठं होतं आणि बुक्कीनं ठोकलं तरी चालायचं.

जालन्यात येऊन मला एकवीस वर्षं झाली, पण पद्धत सोडली नाही. मिक्सर, शिलाई मशीन, दुचाकी आणि गेली सहा वर्षं लॅपटॉप. पाच वर्षं मी त्याच्या झाकणावर कुंकू लावलं. झाकणावरचे डाग पुसताना मुलगी कुरकुरते, म्हणून यंदा झाकण उघडून बटणावर लावलं. कुंकू जरा पातळ कालवलं गेलं होतं. ही चूक माझी. ती आधीच लिहून टाकतो, म्हणजे इतरांबद्दल जे लिहायचं आहे ते मोकळेपणानं लिहिता येईल.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं तर ते आत गेलं आणि आतच राहिलं. टक असा आवाज यायचा, तो आला नाही. मुलगी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सोमवारी दहा वाजता तिची पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. नोकरीची. कॉलेजातून निवडलेल्या मोजक्या मुलांत तिचं नाव होतं. परीक्षेचं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर टाकून त्याची नोंदणी झालेली होती. दुसरा लॅपटॉप चालणार नाही आणि मोबाइल तर नाहीच, असं त्यांनी लेखी कळवलं होतं.

मी नखानं बटणाची कड उचलून दाबत राहिलो. तेविसाव्या वेळी पडदा उजळला.

"पप्पा, आता सोमवारपर्यंत हा बंद करायचा न्हाई," मुलगी म्हणाली. "बिलकुल न्हाई."

संध्याकाळी सोनं द्यायला माझा मेहुणा मंठ्याहून आला. तिथं त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे अर्ज. दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर एवढ्या भांडवलावर तो स्वतःला इंजिनिअर समजतो. त्याच्याकडे प्रत्येक रोगावर एकच औषध आहे.

"दाजी, असं तीन दिवस चालू ठेवून कुठं जमतं का? मशीन गरम होऊन राह्यलं. एकदा रिस्टार्ट मारू."

"त्याला हात लावू नको," मी म्हणालो.

"तुम्ही घाबरता लई. माझ्याकडं रोज पन्नास लोक येतात."

"ते फॉर्म भरायला येतात."

एवढं होऊनही मी पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात त्यानं काम उरकलं. रिस्टार्टऐवजी लॅपटॉप पुरता बंद झाला. मुलगी खुर्चीत बसली. मेहुण्यानं बटण तीन-चार वेळा दाबलं, "हार्डवेअरचा प्रॉब्लेम दिसतो," असं जाहीर केलं आणि बासुंदीची दुसरी वाटी मागून घेतली. बायकोनं ती दिली. अशा माणसाला दुसरी वाटी मिळते, हे मी आजवर अनेक घरांत पाहिलं आहे.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तीन दुकानं केली. पहिल्यानं लॅपटॉप उघडला नाही, उलटासुद्धा केला नाही. "मदरबोर्ड गेला, काका," म्हणाला. मी घड्याळ पाहिलं होतं, निदानाला नऊ सेकंद लागले. मी एमआयडीसीत बियाण्याची उगवण तपासतो. हरभऱ्याचे चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळून आठ दिवस थांबतो, मग एकेक कोंब मोजतो, आणि तरीही अहवालावर सही करताना हात अडखळतो. नऊ सेकंदांत मदरबोर्ड मारणाऱ्या माणसाशी काय बोलायचं! दुसऱ्यानं दुरुस्तीचं नावच काढलं नाही, नव्या लॅपटॉपची खोकी दाखवायला लागला. मला काय हवं आहे हे मी त्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यानं पडद्याचा आकार सांगितला.

तिसरं दुकान जिन्याखाली होतं. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी भिंगातून बटण पाहिलं.

"लाल काय लागलं याला?"

"कुंकू. पूजेचं."

ते हसले नाहीत. "झूट न्हाई बोलत, साहेब. बटण नवीन बसवावं लागतं. बुधवारशिवाय येत न्हाई."

"सोमवारी मुलीची परीक्षा आहे."

"मंग असं करा. खालचं झाकण काढा. बटणाच्या पट्टीवर सोल्डरिंगचे दोन टाके दिसतील. चिमट्यानं दोन्ही एकदम टेकवा, चालू होतंय. अन् चालू झाल्याबरोबर सेटिंगमधे बघा, चार्जर लावला की आपोआप चालू व्हावं असं काही आहे का. बऱ्याच मशीनला असतंय."

त्या आठवड्यात मनात ज्याच्याविषयी वाईट आलं नाही असा हा एकच माणूस.

रविवारी दुपारी आम्ही झाकण काढलं. अकरा स्क्रू, मी कागदावर क्रमानं मांडून ठेवले. बटणाखालच्या इवल्याशा स्विचवर कुंकवाची खपली बसली होती. स्पिरिटनं पुसली, पण मी इतकं दाबलं होतं की आतली पत्तीच मोडली होती. चिमटा मी धरला. दोनदा चुकलो.

"द्या इकडं," मुलगी म्हणाली. तिनं पहिल्याच वेळी टेकवला. लॅपटॉप चालू झाला, ते सेटिंगही सापडलं. चार्जर काढून-लावून आम्ही पाच वेळा खात्री केली. खरं म्हणजे मी केली. ती तिसऱ्या वेळेनंतर अभ्यासाला बसली.

सोमवारी परीक्षा पन्नास मिनिटांची होती. मला खोलीत थांबायची परवानगी नव्हती. तेहेतिसाव्या मिनिटाला लाइट गेली. बॅटरी भरलेली असली तर सदतीस मिनिटं चालते, हे मी शनिवारी पुन्हा मोजायचं ठरवलं होतं आणि लॅपटॉप बंद असल्यानं मोजता आलं नव्हतं. सदतीस हा जुना आकडा होता, दिवाळीच्याही आधीचा, मागच्या. लागणार होती सतरा. मी दाराबाहेर घड्याळ हातात धरून उभा राहिलो. वायरमनला, वीज देणाऱ्यांना, कंपनीला, नोंदणीच्या त्या अटीला, मेहुण्याला, सगळ्यांना मनातल्या मनात नीट नावं ठेवली. पन्नास मिनिटं झाली. एक्कावन्नाव्या मिनिटाला दार उघडलं.

"झालं," ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

बारा दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला. मला ते मेहुण्याकडून कळलं. फोनवर तो म्हणाला, "दाजी, भाचीनं नाव काढलं! मी म्हणलं न्हवतं का, एकदा रिस्टार्ट मारला की सगळं बराबर होतं?" मी फोन बायकोकडे दिला.

मुलीला विचारलं, "आधी मामाला का सांगितलं?"

"मामानं त्या दिवशी फोन करून विचारलं होतं, पेपर कसा गेला."

"मीही विचारलंच की."

"तुम्ही विचारलं, बॅटरी किती टक्के उरली."

हे खरं होतं. एकोणीस टक्के उरली होती. पेपर कसा गेला, ते मी अजूनही विचारलेलं नाही. आता विचारून उपयोग नाही.