राजवैद्याचं काम

स्टुडिओत त्याला सगळे दीडफुट्या म्हणत. उंची तशी साडेतीन फुटांच्या वर होती, पण टोपणनाव ठेवताना टेप घेऊन कोण बसतं? तोही त्या हाकेला ओ देई. लहान मुलांच्या जादूच्या सिनेमांत राक्षसाचा चेला, बोलकी घूस, खजिना राखणारा बेडूक अशी कामं करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. रबरी मुखवट्यात जीव उकडून निघायचा. पण मान कशी कलती केली की बेडूक लबाड दिसतो आणि खांदे कसे पाडले की बिचारा, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र पडद्यावर कधी आला नव्हता.

मग एका नव्या दिग्दर्शिकेनं त्याला बोलावलं. तिच्या सिनेमात एक राजवैद्य होता, राजासुद्धा ज्याचा सल्ला घेतो असा. मुखवटा नव्हता आणि उंचीबद्दल सबंध गोष्टीत अवाक्षर नव्हतं. सगळ्या तऱ्हेच्या मुलांना पडद्यावर आपल्यासारखं कुणीतरी दिसायला हवं, असं ती मनापासून म्हणाली. यानं मान डोलावली. घरी बायकोला सांगताना त्याच्या लक्षात आलं, आपण नक्की कशाला हो म्हणालो तेच आपल्याला कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. ‘सर, तयार?’ असं कुणीतरी विचारलं, तर हा मागे वळून सर कुठे दिसतात ते बघायला लागला. कॅमेरा सुरू होताच सवयीनं मान कलली, खांदे पडले आणि राजवैद्य पोट दुखणाऱ्या घुशीसारखा दिसू लागला. काही करू नका, आहात तसेच राहा, असं दिग्दर्शिकेनं समजावलं. आपण कसे आहोत ते बघायला तो आरशासमोर उभा राहिला, तर तेही धड कळेना.

त्यानं एक गंमत सुचवली. नाडी बघायला वैद्यानं स्टुलावर चढायचंच नाही, राजालाच जमिनीवर बसवायचं. लेखक हळू आवाजात म्हणाला की, त्यात लोक तुम्हाला हसतील. त्याला तर वाटलं होतं, राजाला हसतील.

दुपारी चहा घेताना त्यानं दिग्दर्शिकेला विचारलंच. "मला घेतलंत ते उंचीमुळे, की उंचीकडे न बघता?"

तिनं कप खाली ठेवला. "दोन्ही असेल. खरं सांगू? मलाही नीट सांगता येत नाही."

त्याला जरा हायसं वाटलं.

शेवटी उपाय सांगितला तो बायकोनं. शेजारीण गुडघ्याचं रडगाणं घेऊन येते तेव्हा तू ज्या तोंडानं ऐकून घेतोस ना, त्याच तोंडानं राजाचं ऐक, म्हणाली. ते जमलं.

सिनेमा लागला. घरचे सगळे गेले. पडद्यावर तो आला तेव्हा बहिणीनं डोळे पुसले. तिची मुलगी मात्र बाहेर येताना त्याचा हात धरून म्हणाली, "मामा, तू छान होतास. पण बेडूक जास्त भारी होता." तो हसला. वाईट वाटून घ्यावं का, हे त्याला ठरवता येईना.

काही महिन्यांनी कळलं की, बेडकाच्या सिनेमाचा पुढचा भाग निघतोय. त्यानं आपणहून निर्मात्यांच्या ऑफिसात फोन केला. पलीकडच्या बाई अवघडल्या. बुटक्या माणसांना जनावरांच्या कातड्यात घालणं आता बरं दिसत नाही, तुमच्याच मानासाठी आम्ही बेडूक कॉम्प्युटरवर करतोय, असं त्यांनी अदबीनं सांगितलं. मलाच तो करायचाय, हे त्यानं दोनदा सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, विचारून कळवते.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"विचारणार आहेत."

"कुणाला?"

"ते मी विचारलंच नाही," तो म्हणाला आणि फोनकडे बघत तिथेच बसून राहिला.