न चिकटणारा फातर

“अरे प्रज्योत, पाठ अजून जावचो आसा आणि तू ‘उत्तम’ लिवन मोकळो झालंस?”

“मगे? पाठ जातकच बरयत बसूं? मागीर म्हजी बस चुकता.”

“आणि माझो पाठ पडलो तर?”

“पडचो ना गे. पळय, हांवें बरयलां: ‘खनिजाचा प्रयोग यशस्वी. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त.’”

“उत्स्फूर्त! काल दोन तास घोकून घेतलंय मी तो प्रतिसाद. माझो घसो अजून बसलेलो आसा.”

म्हापसा-डिचोली बसमध्ये सकाळी साडेसातला हे बोलणं चाललं होतं. बोलणारी गौरवी परब, पेडण्यातल्या धारगळची. मांडीवर पिशवी, पिशवीवर तक्त्यांची गुंडाळी, गुंडाळीवर हनुवटी टेकलेली. प्रज्योत मूळचा वाळपईचा, पण बीएड होईपर्यंत म्हापशाला बहिणीकडे राहतो. दोघंही शिकाऊ शिक्षक, दोघंही विज्ञानाचे, आणि महिनाभर डिचोलीहून मयेच्या वाटेवरच्या एकाच हायस्कुलात सरावाला. एकाने पाठ घ्यायचा, दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून निरीक्षण पत्रक भरायचं. प्रज्योत ते बसमध्येच भरतो. तो एकटाच नाही, सगळेच भरतात. पाठ काय होणार ते टाचणात आधीच लिहिलेलं असतं, मग कसा झाला ते आधी लिहायला काय हरकत, असा सगळ्यांचा हिशेब.

गौरवीचं वय तेहतीस. वर्गातल्या बाकीच्या पोरी तेविसाच्या, त्या हिला ‘गौरवीताई’ म्हणतात आणि चालता चालता आपले तक्ते हिच्या हातात देतात. एमएस्सी केल्यावर आठ वर्षं तिने एका औषधाच्या कंपनीत नमुने तपासले. पाळ्या करून करून पाठ गेली, झोप गेली, तेव्हा आई म्हणाली, “मास्तरीण हो गे, निदान जेवच्या येळार जेवशीत.” म्हणून हे बीएड. आता जेवणाची वेळ बसमध्ये येते. पोदेराकडचा उंडा पाव फोडायचा, त्यात आईने दिलेली सुकी भाजी भरायची आणि डिचोलीच्या वळणावर ती छातीवर सांडायची.

वीस पाठांतले अठरा कसेबसे निघाले होते. त्या अठरांचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. खरे पाठ दोनच, मार्गदर्शकांसमोरचे. त्यातला पहिला पडला. कॉलेजचे कृष्णनाथ सर मागे बसले होते, त्यांनी शेरा लिहिला: “आवाज लहान. फळा तिरका. परिसराशी संबंध नाही.” आज दुसरा. हाही पडला तर अख्खा सराव पुढच्या वर्षीच्या तुकडीबरोबर पुन्हा. आणि गावाजवळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या टीचर ह्या जूनला निवृत्त होत होत्या. ती खुर्ची गौरवीसाठी तोंडी राखून ठेवली होती, पण जूनपुरतीच. वर्षभर खुर्ची रिकामी ठेवायला ती काय देवळातली पालखी नव्हे.

परिसराशी संबंध हवा ना? मग तिने तो शोधला. पाठ सहावीचा, चुंबक. डिचोलीत परिसर म्हणजे खाण. शाळेसमोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या टिपरांतून खनिजाचे तांबडे-काळे फातर सांडलेले असतात. फातर म्हणजे दगड, पण ह्या बाजूला दगड म्हटलं की पोरांना तो पुस्तकातला वाटतो. त्यातले दोन चांगले जड फातर गौरवीने उचलून पिशवीत टाकले. टाचणात लिहिलं: ‘शिक्षिका खनिजाजवळ चुंबक नेते.’ शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांचं अपेक्षित उत्तर: ‘खनिज चुंबकाला चिकटते, कारण त्यात लोखंड असते.’

एवढंच करायचं राहिलं, की चुंबक लावून बघायचं. प्रयोगशाळेचं कपाट कुलुपात, किल्ली विमला टीचरांकडे, आणि विमला टीचर कालपर्यंत रजेवर. त्या सहावीच्या विज्ञानाच्या टीचर. शिकाऊ आले की त्या उघड म्हणत, “तुमी इलात की आमका दोन दीस विसव.” किल्ली मिळाली ती आज सकाळी, प्रार्थनेच्या घंटेला. आणि खरं सांगायचं तर लावून बघायची गरज गौरवीला वाटलीही नव्हती. ती पेडण्याची. पेडण्याच्या माणसाने खनिज बघितलेलं असतं ते रस्त्यावरून जाताना, ताडपत्रीखाली. लोखंडाचं खनिज, त्यात लोखंड, लोखंडाला चुंबक धरतं. आठ वर्षं नमुने तपासलेल्या बाईला ह्यात शंका कसली?

तिसरा तास. सहावी अ. कृष्णनाथ सर मागच्या बाकावर गुडघे मावेनात म्हणून तिरके बसले. शेजारी प्रज्योत, भरलेलं पत्रक वहीखाली लपवून.

सुरुवात झकास झाली. आवाज मोठा, फळा सरळ. टाचण्या चिकटल्या, खिळा चिकटला, खडू चिकटला नाही, वहीचा कागद चिकटला नाही. पुस्तक इंग्लिश, प्रश्न अर्धे इंग्लिश, उत्तरं पोरांच्या घरच्या बोलीत. सरांनी दोनदा मान डोलावली. मग गौरवीने मेजावर फातर ठेवला.

“हा कुठला दगड?”

“खाणीचो, टीचर!”

“आता बघा हं.”

तिने चुंबक टेकवलं आणि उचललं. चुंबक वर आलं, फातर मेजावरच.

तिने दुसरी बाजू लावली. फातर जागचा हलला नाही. दुसरा फातर घेतला. तोही तसाच, पोटभर जेवून बसल्यासारखा. गौरवीच्या कानामागून घामाचा थेंब निघाला आणि मानेवरून खाली गेला. पण गेले अठरा पाठ तोंड एका वळणावर चाललेलं, ते थांबलं नाही. टाचणातला पुढचा प्रश्न आपोआप बाहेर पडला.

“काय दिसलं?”

“खनिज चुंबकाला चिकटते!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. “कारण त्यात लोखंड असते!”

फातर मेजावर. चुंबक हातात. मध्ये वीतभर हवा.

कृष्णनाथ सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मेजाकडे बघितलं. प्रज्योतने वही आणखी घट्ट दाबली. गौरवीला वाटलं, आता म्हणावं, मॅग्नेट जुना झालाय, आणि पुढे सरकावं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तेवढं खोटं रेटायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर म्हापशाच्या स्टँडवरच संपलेला.

दुसऱ्या बाकावरची एक पोरगी मात्र ओरडली नव्हती. तेजस्विनी. बाप दोडामार्गकडचा, खाणीवर टिपर चालवतो.

“तू गो? तू कित्याक गप्प?” गौरवी विचारून गेली, शाळेची भाषा सोडून आपल्या घरच्या बोलीत.

पोरगी उभी राहिली. तीही त्याच बोलीतली, त्यामुळे तिचं धाडस वाढलं असावं. “टीचर, तो चिकटणा नाय. आमच्या बाबाच्या टिपराचो मोडको स्पीकर हा, तेचो मॅग्नेट माझ्याकडे हा. मी लावन बघलेलंय.”

“मगे काल ‘चिकटता’ कित्याक म्हटलंस?”

“तुमी म्हणाक सांगलास म्हणान.”

वर्ग फिसकन हसला. मागून कोणीतरी म्हणालं, “आमकांय खबर आशिल्लें, टीचर!” दुसरा म्हणाला, “म्हज्या आज्याकूय खबर आसा!” चाळीस पोरांना काल माहीत होतं. चाळीस पोरांनी काल दोन तास खोटं घोकलं, कारण टीचर दमून-भागून सांगत होती आणि तिचा घसा बसत चालला होता.

गौरवी खुर्चीवर बसली. टाचणात शिक्षिकेने बसायचं नव्हतं.

“बरां,” ती म्हणाली, “माका खबर नाय होती. मी पेडण्याची. तुमीच सांगा आता, हय कशाक मॅग्नेट धरता?”

मग एकच गलका झाला. कोणी म्हणे पत्र्याला धरतं, कोणी म्हणे बापाच्या पान्याला. एकीने सांगितलं, पाऊस ओसरला की ओहळाच्या कडेला काळी रेव साचते, ती धरते, केसासारखी उभी राहते. “हांगाय आसा, टीचर!” म्हणत दोघं-तिघं व्हरांड्याच्या पायरीकडे धावले आणि चुंबक मातीत घोळवून आले. त्याला खरंच काळी बारीक रेव लागली होती, मांजराच्या मिशांसारखी. चुंबक हातोहात फिरलं, रेव युनिफॉर्मवर सांडली. गौरवीने बसूनच सांगितलं, की फातरात लोखंड आहे, खरंच आहे, पण ते ऑक्सिजनशी बांधलं गेलंय, गंजात असतं तसं, म्हणून साधं चुंबक त्याला धरत नाही. रेवेतल्या काळ्या कणांत ते वेगळ्या तऱ्हेने बांधलंय, म्हणून धरतं. हे तिने एमएस्सीला वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. फातर हातात आला तेव्हा आठवलं नाही.

घंटा झाली. फळ्यावर फक्त ‘चुंबक’ आणि तारीख. सारांश नाही, मूल्यमापनाचे पाच प्रश्न नाहीत, गृहपाठ नाही.

स्टाफरूममध्ये कृष्णनाथ सरांनी चहाचा कोप बाजूला सरकवला. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांनी निवृत्त होणारा, चार शाळांत चाळीस शिकाऊ बघणारा, सकाळपासून तिसऱ्या चुकीच्या आकाराच्या बाकावर बसलेला.

“परब, हा पाठ मी पास करू शकत नाही.”

“होय सर.”

“पोरांना खोटं उत्तर पाठ करून दिलंत.”

“होय सर.”

“रडू नका.”

“रडणंय नाय सर. डोळ्यांत रेव गेली.”

सरांनी प्रज्योतकडे हात केला. “पत्रक.” प्रज्योतने दिलं. सरांनी वाचलं: खनिजाचा प्रयोग यशस्वी. त्यांनी ते चार घड्या करून खिशात घातलं. प्रज्योतचा चेहरा चुरगळल्यासारखा झाला.

“मला सातव्या तासापर्यंत इथंच बसायचंय, दुसऱ्यांचे पाठ आहेत,” सर म्हणाले. “सातव्याला सहावी ब. हाच घटक, नवीन टाचण. घोकंपट्टी केलीत तर मला कळेल. जमत असेल तर बघा, नाहीतर पुढचं वर्ष आहेच.”

मधल्या सुट्टीत गौरवी जेवली नाही. जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात बसून नवीन टाचण लिहिलं, तीन रकाने आखून. बोटं शाईने काळी झाली. प्रज्योत दोनदा येऊन म्हणाला, “चार पाव हाडूं?” तिने नको म्हणून मान हलवली. अपेक्षित उत्तराच्या रकान्यात तिने लिहिलं: ‘खनिज चुंबकाला चिकटत नाही.’ ब वर्गाकडे फिरकलीही नाही. ह्यावेळी पोरांना कोरं ठेवायचं, ती स्वतःला बजावत होती. पोरांना स्वतः बघू दे, स्वतः चुकू दे.

सातवा तास. गौरवी आत शिरली, पिशवीतून फातर काढला. तो मेजावर टेकायच्या आतच सगळी सहावी ब एका सुरात ओरडली:

“चिकटना, टीचर! खनिज चिकटना!”

अ वर्गाने मधल्या सुट्टीत सगळं पोचवलं होतं. ही पोरं कालच्या अ वर्गापेक्षा जास्त घोकून बसली होती. मागच्या बाकावर कृष्णनाथ सरांच्या भुवया वर गेल्या.

गौरवीने फातर मेजावर टेकवला. हसूही आलं नाही, रागही नाही.

“कोण म्हणता?”

“अ वर्गातलीं, टीचर!”

“तेंनी म्हटलां म्हणान? आणि उद्या तेंनी म्हटलां खडू चिकटता, तर?”

तिने चुंबक फातराशेजारी ठेवलं.

“मीय काल असांच केलंय,” ती म्हणाली. “लावन बघूक नाय, आणि सांगून मोकळी. हय येवा. एकेकट्यान लावन बघा. जेका जसा दिसता तसा लिवा. बाजूच्याचा बघूचा नाय.”

पस्तीस मिनिटं त्यातच गेली. कोणी फातराला घासून बघितलं, कोणी टाचणी फातराला लावून. एका पोराने लिहिलं: ‘चिकटत नाही. पण त्याची धूळ थोडी हलली, मला वाटते.’ गौरवीने ते मोठ्याने वाचलं आणि पुन्हा लावून बघायला सांगितलं. धूळ खरंच थोडी हलली, की श्वासाने हलली, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. फळा तिरकाच राहिला. पण सारांशाच्या चार ओळी पोरांनी सांगितल्या तशा त्यावर उतरल्या, आणि घंटेच्या आत पाच प्रश्न झाले.

सरांनी दारातच वही मागितली, भिंतीला टेकवून सही केली. श्रेणी बी. खाली लिहिलं: ‘अपेक्षित उत्तर विद्यार्थ्यांना आधीच माहीत होते, ह्यात शिक्षिकेचा दोष नाही.’

“जमलं एकदाचं,” ते म्हणाले.

“थँक्यू सर.”

“मला नको. ती टिपरवाल्याची पोरगी कोण, तिला द्या.” आणि ते आपली बॅग उचलून पायऱ्या उतरले, एका पायावर जास्त भार देत.

प्रज्योत धावत आला, हातात कोरं पत्रक. “गौरवीताई, आतां हांव कितें बरोवं?”

“बघलंस तां लिव.”

“सगळें?”

“सगळा.”

तेवढ्यात शिपाई रघुनाथ कागदाची चिठ्ठी घेऊन आला. आठव्या तासाला सातवीच्या टीचर नाहीत, परब टीचरांनी वर्ग सांभाळावा. शाळेत कोणी नसलं की मोकळा तास शिकाऊंच्या माथी येतो, हे ठरलेलं. गौरवीने चिठ्ठी वाचली, चपलेतली रेव झटकली, मेजावरचे दोन्ही फातर पिशवीत टाकले.

“ते कित्याक व्हरता आतां? उडय ते,” प्रज्योत म्हणाला.

“आताच सातवीक लागतले,” ती म्हणाली, आणि खडूचा तुकडा शोधत सातवीच्या वर्गाकडे निघाली.