डावीकडून दुसरी, मधली रांग

व्हनमाने सर गेले आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर घेऊन गेले.

सकाळी वर्गातल्या म्हाद्याचा फोन आला तेव्हा मी आसामच्या अलीकडं ट्रकच्या लाइनीत उभा. गाडीत डाळिंब, पुढं गाड्याच गाड्या.

"दत्त्या, सर गेले रं. झोपेतच. दुपारी माती हाय."

हितनं आमचं गाव टेंभुर्णी म्हणजे चार दिवस. मातीला पोचणं शक्यच नाही.

म्हणून हितंच, मोबाइलवर लिहितो. शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर आमच्या हायस्कूलला भूगोल शिकवायचे आणि शनिवारी सकाळी कॅडेटची परेड घ्यायचे. खाकी ड्रेसला इतका स्टार्च की बाही वाकायची नाही.

वर्गात माझं बूड कधी टिकलं नाही. पण परेडला सावधानमध्ये उभा राहिलो की नाकावर माशी बसली तरी हलायचो नाही.

का, ते मलाबी कळलं नाही.

बहुतेक सरांच्या त्या नियमामुळं. परेड सुटली की एका पोरानं एक प्रश्न विचारायचा. कसलाबी.

सर म्हणायचे, "लीडर म्हणजे नुसता ओरडणारा न्हवं. ओरडतो तर भोंगाबी. ज्याला विचारायची लाज वाटत न्हाय, त्यानं पुढं या."

उत्तर येत नसलं तर सरळ सांगायचे, "माहीत नाही. शनिवारी सांगतो."

आणि शनिवारी सांगायचेच.

बाकीची पोरं लाजायची. मग मीच पुढं.

"सर, सरपंच आले तर सॅल्यूट मारायचा का?"

"डोक्यावर टोपी असली तर मार. टोपी नसली तर सॅल्यूट न्हाय, नुसता सावधान. आणि सॅल्यूट मारून झाला की शाळेच्या रस्त्याचं काय झालं तेबी विचार."

मी विचारलं पण. पंधरा ऑगस्टला, सगळ्या गावासमोर. सरपंच हसले, हेडमास्तर नाही हसले. सर मात्र लांब आभाळाकडं बघत उभे, जसं काय हे पोरगं ओळखीचंच नाही.

एकदा विचारलं, "सर, आमदारांच्या गाडीला टोल का न्हाय?"

"माहीत नाही. शनिवारी सांगतो."

सर त्या आठवड्यात स्कूटर घेऊन खरंच टोलनाक्यावर गेले. बोर्डापुढं उभे राहून वाचायला लागले. नाक्यावरचा पोरगा म्हणाला, "काका, टू-व्हीलरला टोल न्हाय. जावा की."

"मला जायचं न्हाय बाळा. वाचायचंय."

शनिवारी कुणाकुणाला माफ आहे ते सगळं आम्हाला पाठ म्हणून दाखवलं. आज इतके टोल बघितले, पण गाडी थांबली की मी तो बोर्ड अजून वाचतो.

आता तो प्रश्न.

परेडला तीन रांगा असतात. एक पोरगं कमी पडलं तर एक जागा मोकळी सोडायची. कुठली, तेपण ठरलेलं: डावीकडून दुसरी, मधली रांग.

मी विचारलं, "सर, मोकळी जागा एकदम कडंला का न्हाय?"

"कडंचं भोक लांबनं दिसतं. आतली जागा आजूबाजूचे सांभाळून घेतात."

योगायोग बघा, माझी जागा तीच.

मग नववी अर्ध्यात सोडून मी चौकातनं एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. कुणी पाठवलं नाही. हायवे कुठं संपतो ते बघायचं होतं. अजून बघतोय.

त्या सव्वीस जानेवारीला म्हाद्यानं परेडचा फोटो पाठवला.

तीन रांगा. आणि माझी जागा मोकळी.

नागपूरच्या पुढं एका ढाब्यावर तो फोटो मोठा करकरून बघत बसलो. चहा गार झाला.

माझ्यासाठी ठेवली? का एक पोरगं कमी, म्हणून नियमानं?

तुम्हाला वाटंल काय फरक पडतो. मला लई पडतो. शाळेनं तर नाव काढून टाकलं होतं. ती जागा माझी असंल, तर कुठंतरी मी अजून धरलेला होतो.

मागच्या दिवाळीला धीर करून सरांना फोनवर विचारलं.

सर हसले. "माहीत नाही. शनिवारी सांगतो. पण हितं येऊन ऐकायचं."

दोनदा टेंभुर्णीवरनं गेलो. एकदा मंगळवार होता, एकदा शुक्रवार.

हे लिहीत असतानाच म्हाद्याचा परत फोन. म्हणाला, जुने कॅडेट सगळे आले होते. सरांना शेवटची मानवंदना द्यायला तीन रांगा केल्या.

"पर डाव्या कडंला भोक पडलं रं. एक माणूस कमी आला."

मी म्हणालो, "येड्या, मग मधली जागा मोकळी सोडून कड भरायची की. नियम इसरलास?"

"मधली मोकळीच हुती."

"मग तीच कमी माणसाची जागा धरायची ना! दोन-दोन जागा मोकळ्या कशा?"

"ती कशी धरायची हिशेबात? ती तुझी हाय की."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दहावीला नवं पोरगं तितं घुसाय लागलं," म्हाद्या म्हणाला, "तर सर म्हणायचे, तितं न्हाय बाळा. तितं माणूस हाय."

"आरं, मग मला आजपतोर का न्हाय सांगितलंस?"

"तू जगाला विचारत फिरलास. मला कवा विचारलंस?"

फोन ठेवला आणि गाडीतनं खाली उतरलो. लाइन हलली होती, मागचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता.

टोपी नव्हती. म्हणून सॅल्यूट नाही.

नुसता सावधान.

आज शनिवार आहे, सर. उत्तर पोचलं.

जय हिंद.